स्टिअरिंग ढिले का वाटते? दोष नेमका शोधण्याची रीत

"स्टिअरिंग ढिले झाले आहे" अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर अलाइनमेंट करून गाडी परत मिळते आणि काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा सुरू होते, नाही तर थेट स्टिअरिंग रॅक, म्हणजे चाके वळवणारी दातेरी दांडी, बदलण्याचा सल्ला मिळतो आणि मोठा खर्च करूनही समाधान होईलच याची खात्री नसते. दोन्ही प्रकारांत चूक एकच असते, ती म्हणजे दोष कुठे आहे हे न पाहताच उपाय सुरू केलेला असतो. खरे तर स्टिअरिंगमधला ढिलेपणा हा शोधायला सोपा दोष आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि बोटांना जाणवतो. चालकाच्या हातापासून रस्त्यापर्यंत सांध्यांची एक साखळी आहे. तिच्यात कुठे तरी एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग हलत नाही. ती जागा सापडली की दोष सापडला.

या तपासणीसाठी स्टिअरिंग हलवणारा एक मदतनीस, चांगला टॉर्च, हवा मोजण्याचा गेज, जॅक, दोन भक्कम स्टँड, एक लांब टॉमी (लोखंडी पहार) आणि थोडा निवांत वेळ एवढे पुरते. पुढील विवेचन मुख्यतः आजच्या लहान मोटारींना धरून केले आहे, म्हणजे रॅक आणि पिनियन (रॅकला सरकवणारे दातेचाक) प्रकारचे स्टिअरिंग आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला खांब) असलेल्या गाड्यांना. स्टिअरिंग बॉक्स असलेल्या जुन्या गाड्यांचा विचार नंतर स्वतंत्रपणे केला आहे.

तक्रार नेमकी कोणती आहे

"ढिले" या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या तक्रारी सांगितल्या जातात आणि त्यांची कारणे वेगळी असल्यामुळे प्रथम त्या निवडून घ्याव्या लागतात. स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाके हलतच नाहीत, हा खरा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. याचे कारण जवळजवळ नेहमी झिजलेला किंवा सैल झालेला सांधा असते. दुसऱ्या प्रकारात स्टिअरिंगला प्ले नसतो, पण सरळ रस्त्यावर गाडी तरंगल्यासारखी इकडेतिकडे जाते आणि चालकाला सतत बारीक दुरुस्ती करत राहावे लागते. येथे टायर, अलाइनमेंट किंवा लोअर आर्मच्या बुशवर (चाकाला खालून धरणारा आर्म गाडीला जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर) संशय घ्यावा. तिसऱ्या प्रकारात गाडी एकाच बाजूला ओढते. चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे: वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर परतत नाही, ज्या बाजूला वळवले त्याच बाजूला थोडे अडकून राहते, चालक ते परत आणताना थोडे जास्त फिरवतो आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने दुरुस्ती करतो. चालकाला हे ढिले वाटते, प्रत्यक्षात मात्र काही तरी जाम झालेले असते. अशा गाडीचे ढिले सांधे शोधत बसल्यास एकही सापडत नाही.

हे ठरवण्यासाठी सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने गाडी चालवून पाहावी. हात स्टिअरिंगवर हलके ठेवावेत, पण काढू नयेत. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी अगदी हळू डावीकडे सरकत असेल तर तो दोष मानू नये. वारा आणि रस्त्याचा पृष्ठभागही लक्षात घ्यावा. वांद्रे-वरळी सागरी सेतू किंवा अटल सेतू यांसारख्या उघड्या पुलांवर आडव्या वाऱ्याने निरोगी गाडीही ढकलली जाते, आणि लांबीच्या दिशेने खाचा असलेल्या काँक्रीटवर काही टायर त्या खाचांमागे जाऊ पाहतात. एकाच रस्त्यावर येणारी तक्रार ही बहुधा त्या रस्त्याची असते. प्रत्येक रस्त्यावर येणारी तक्रार गाडीची.

याच फेरीत आणखी एक गोष्ट करावी. सरळ जाताना ॲक्सिलरेटर एकदम सोडावा आणि पुन्हा दाबावा. सोडताना गाडीचे नाक एका बाजूला आणि दाबताना दुसऱ्या बाजूला जात असेल तर लोअर आर्मची बुश फाटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ही खूण कागदावर लिहून ठेवावी, ती पुढे उपयोगी पडते.

टायर आधी, बाकी सर्व नंतर

टायर हा साखळीतला शेवटचा दुवा असला तरी तपासणी तेथूनच सुरू करावी, कारण तेथे खर्च नसतो आणि बऱ्याच तक्रारी तेथेच संपतात. प्रथम चाकांचे नट पाहावेत. टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर अर्धवट आवळलेले नट हे अस्थिर स्टिअरिंगचे कारण असू शकते आणि ते जिवावर बेतणारे असते. त्यानंतर टायर थंड असताना हवा मोजावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, गाडीसाठीची शिफारस नव्हे. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजू वाकते, स्टिअरिंगची आज्ञा रस्त्यापर्यंत उशिरा पोहोचते आणि चालकाला तो प्ले वाटतो. मागच्या टायरमधील कमी हवेने गाडी मागून डोलते आणि तीही तक्रार स्टिअरिंगच्याच नावावर जमा होते.

यानंतर तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागले तर टो (दोन चाके पुढून एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बिघडलेला आहे, हे अलाइनमेंटच्या यंत्राआधीच कळते. फक्त आतील कड झिजली असेल तर ती बाहेरून दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून चाकाची आतली बाजू टॉर्चने पाहावी. नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे, परंतु पावसाळ्यात तेवढ्या नक्षीवर विसंबू नये. टायरवर कुठे फुगवटा असेल, तर स्टिअरिंगचे निदान बाजूला ठेवून तो टायर आधी काढावा.

गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून पाहावी, मात्र टायरवर फिरण्याची दिशा ठरवणारा बाण नाही याची आधी खात्री करावी. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. बदलली नाही तर गाडीचा. नवे टायर बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर स्टिअरिंग थोडे मऊ वाटते, कारण नव्या रबराचे उंच ठोकळे वाकतात. ते आपोआप जाते, त्यासाठी काही उघडू नये. हौसेने बसवलेले रुंद रिम आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी चाकाची जागाच बाहेर सरकते, स्टिअरिंगची घडण ज्या मापांवर केलेली असते ती मापे बदलतात आणि मग कोणताही सांधा बदलून मूळची पकड परत येत नाही. सीएनजी टाकीमुळे मागच्या स्प्रिंग बसलेल्या गाडीतही पुढची बाजू हलकी वाटते. अशा गाडीची मागची उंची दोन्ही बाजूंनी मोजून पाहावी.

प्ले मोजणे

आता मुख्य काम. गाडी सपाट जागेवर, चारही चाके जमिनीवर ठेवून, पुढची चाके सरळ करून उभी करावी. इंजिन चालू ठेवावे. हे महत्त्वाचे आहे, कारण हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये पिनियनजवळ पीळ घेणारी एक बारीक दांडी असते आणि इंजिन बंद असताना तिचा पीळ हाताला प्लेसारखा लागतो. स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि डॅशबोर्डवर टेकवून त्याच्यासमोर एक मोजपट्टी धरावी. एका बोटाने स्टिअरिंग हळूहळू डावीकडे न्यावे. बाहेर उभ्या असलेल्या मदतनीसाने टायर हलताक्षणी आवाज द्यावा. मग तसेच उजवीकडे. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे प्ले.

बऱ्याच मोटारींच्या मॅन्युअलमध्ये हे अंतर ० ते ३० मिलिमीटर दिलेले आढळते. आपल्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम ९८ स्टिअरिंगला ३० अंशांपेक्षा अधिक प्ले नसावा एवढेच सांगतो. ही मर्यादा किती सैल आहे हे हिशेब केल्यावर कळते: ३७० मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे ९७ मिलिमीटर. रॅक-पिनियनच्या मोटारीला एवढा प्ले येईपर्यंत थांबणे म्हणजे सांधा निखळण्याची वाट पाहणे होय. म्हणून फिटनेसच्या तपासणीत गाडी पास झाली याचा अर्थ स्टिअरिंग ठीक आहे असा घेऊ नये.

सांध्यातील अगदी थोडी झीज स्टिअरिंगवर मोठी होऊन येते, हेही येथे समजून घ्यावे. स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक साधारण ४५ मिलिमीटर सरकतो असे धरले, तर रॅकच्या मार्गात १ मिलिमीटर मोकळीक आल्यास स्टिअरिंग ८ अंश रिकामे फिरते, म्हणजे कडेवर सुमारे २६ मिलिमीटर. त्यामुळे "सांधा किंचितच हलतो, एवढे चालते" हे म्हणणे स्वीकारू नये.

कोणते चाक उशिरा हलते

मदतनीसाला आत बसवून स्टिअरिंग मध्यापासून दोन्ही बाजूंना थोडे थोडे, साधारण चार बोटे, सतत हलवत ठेवायला सांगावे. पूर्ण वळवू नये, कारण तसे केल्यास टायर घासल्याच्या आवाजात सांध्याचा आवाज हरवतो. गाडीचे वजन चाकांवर असणे येथे आवश्यक आहे. चाके अधांतरी असतील तर त्यांना विरोध करणारे काही नसते आणि झिजलेला सांधाही घट्ट असल्यासारखा वागतो.

आता एकदा डाव्या चाकाकडे पाहावे, एकदा उजव्या. ही एक नजर निम्मे निदान करून देते. दोन्ही चाके सारखीच उशिरा हलत असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे, म्हणजे कॉलम (स्टिअरिंगखालची दांडी), मधला शाफ्ट, पिनियन किंवा रॅकचे फिटिंग. एक चाक तत्काळ हलते आणि दुसरे रेंगाळते, तर दोष रेंगाळणाऱ्या चाकाच्या बाजूच्या टाय रॉडमध्ये, म्हणजे रॅकचे टोक चाकाला जोडणाऱ्या दांडीत, आहे. एका बाजूचा टाय रॉड झिजला असताना चालकाच्या हाताला स्पष्ट प्ले लागत नाही, कारण दुसरे चाक आज्ञा पाळत असते; त्याला फक्त गाडी अनिश्चित वाटते. "प्ले नाही, पण भरवसा वाटत नाही" असे चालक सांगतो तेव्हा मी प्रथम येथेच पाहतो.

बाहेरचा टाय रॉड एंड तपासताना टाय रॉड आणि चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग) यांच्या सांध्यावर बोटे अशी ठेवावीत की एकाच वेळी दोन्ही भागांना स्पर्श होईल. हाताला जे कळते ते डोळ्याला नंतर दिसते. सांधा निरोगी असेल तर दोन्ही भाग एकत्र सरकतात. झिजलेला असेल तर प्रत्येक बदलत्या दिशेला आधी रॉड सरकतो, बोटाखाली बारीक "टक्" जाणवते आणि मग नकल हलतो. रबरी बूट फाटला आहे का हे पाहावे. बूट फाटला, एक पावसाळा चिखलपाणी आत गेले की सांधा फार काळ टिकत नाही. आजचे बहुतेक सांधे सीलबंद असल्याने त्यांना बाहेरून ग्रीस मारून वाचवता येत नाही. कॅसल नट (माथ्यावर खाचा असलेला नट) असेल तर तो सुटू न देणारी त्यातली स्प्लिट पिन जागेवर आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

आतला टाय रॉड, ज्याला रॅक एंड म्हणतात, रॅकच्या घडीदार रबरी बेलोमध्ये लपलेला असतो. बेलो हाताने दाबून आतल्या गोळ्याच्या सांध्याला पकडावे आणि मदतनीसाला स्टिअरिंग हलवू द्यावे. येथील झीज दिसत नाही, पण बोटांना अगदी स्पष्ट लागते. खड्ड्यात चाक जोरात आपटलेल्या गाड्यांत बाहेरचा एंड बदलला जातो आणि आतला तसाच राहतो, हे अनेकदा पाहायला मिळते. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाडीत बेलोमध्ये तेल साठलेले आढळले तर रॅकचे सील गेले आहे. बेलो फाटलेला असेल आणि आतला रॅक गंजलेला असेल, तर मात्र रॅक बदलण्याची चर्चा रास्त ठरते. कोकण किनारपट्टीवरच्या गाड्यांत हे अधिक आढळते.

दोन्ही चाके उशिरा हलत असतील तर टॉर्च घेऊन रॅकच्या फिटिंगकडे जावे. रॅकचे आवरण क्लॅम्प आणि रबरी बुशने फ्रेमला बांधलेले असते. स्टिअरिंग हलवताना आवरणच डावीकडे-उजवीकडे सरकत असेल तर बुश फुगल्या आहेत किंवा बोल्ट सैल आहेत. मदतनीसाचा हात जेवढा रॅक हलवू पाहतो तेवढे आवरणच पळते आणि चाकांना काहीच मिळत नाही. हा दोष स्वस्त असतो आणि त्याची किंमत म्हणून कित्येकदा संपूर्ण रॅक मोजला जातो, याचे वाईट वाटते.

त्यानंतर आत येऊन पेडलजवळ वाकावे. कॉलम आणि पिनियन यांना जोडणाऱ्या मधल्या शाफ्टला दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. वरच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या (फुलीच्या आकाराच्या भागाच्या) दोन्ही बाजूंवर बोट ठेवून पाहावे, मग खालच्या. क्रॉसची एक बाजू फिरते आणि दुसरी थांबते असे आढळले तर तो जॉइंट गेला आहे. उलट, क्रॉस गंजून जाम झाला असेल तर प्ले येत नाही, पण एका फेऱ्यात स्टिअरिंग दोनदा जड आणि दोनदा हलके होते. शाफ्ट जेथे पिनियनच्या दात्यांवर बसतो तेथे आवळणारा एक बोल्ट असतो. क्लच, इंजिन किंवा रॅक उतरवून पुन्हा बसवलेल्या गाडीत हा बोल्ट सैल राहिलेला असू शकतो. तो सैल आढळला तर गाडी जागेवरून हलवू नये. तेथेच नवा बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्कने (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोराने) आवळावा, नाही तर टोइंग करून न्यावी.

हे सर्व सांधे घट्ट असतील, तरच रॅकच्या आतील झिजेचा विचार करावा. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दाते सर्वांत आधी झिजतात आणि प्ले मध्यावर जास्त, वळवलेल्या स्थितीत कमी लागतो. रॅकच्या आवरणावर एक स्क्रू असतो, जो आतल्या पॅडला रॅकवर दाबतो. "स्क्रू थोडा आवळून देतो" हा प्रस्ताव सर्वत्र मिळतो आणि त्याला मी नकार देण्याचा सल्ला देईन. मधल्या झिजेच्या हिशेबाने स्क्रू आवळला की न झिजलेल्या टोकांना रॅक अडकतो, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही, आणि घाटात एकामागून एक वळणे घेताना हे धोक्याचे ठरते. हा स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने आणि मापानेच फिरवायचा असतो. बाहेरच्या सांध्याची झीज झाकण्यासाठी तर तो कधीच नव्हे.

चाक उचलून

वरील तपासणी संपल्यावर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी. फक्त जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली किंवा चाकामागे हात घालू नये.

चाक वर आणि खाली, घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. हालचाल लागली तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल नाहीशी झाली तर चाकाचे बेअरिंग दोषी आहे, कारण ब्रेक पॅड डिस्कला नकलशी बांधून टाकतात. राहिली तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचे वरचे फिटिंग पाहावे. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवावे. केवळ याच दिशेने हालचाल असेल तर ती टाय रॉडची. दोन्ही दिशांना सारखी असेल तर बेअरिंगची. बेअरिंगचा संशय असल्यास चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची घरघर स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते.

बॉल जॉइंटची खात्री टॉमीने करावी. लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी घालून हलका जोर द्यावा. आर्म खाली-वर उसळला आणि नकल जागेवर राहिला, तर जॉइंट झिजला आहे. स्टिअरिंगच्या सर्व सांध्यांत हा जॉइंट मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो निखळला तर चाक बाजूला पडते आणि गाडी कोसळते. त्यात प्ले आढळल्यावर "पुढच्या सर्व्हिसला बघू" असे म्हणू नये.

चाके अधांतरी असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठे खरखर, अडखळणे किंवा घट्टपणा लागतो का? या वेळी स्प्रिंगवर हात ठेवावा. स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग झटका देऊन सुटते. वळणानंतर परत न येणाऱ्या स्टिअरिंगचे हे नेहमीचे कारण आहे. जाम झालेला बॉल जॉइंटही असेच करतो. तो ओळखायचा तर टाय रॉड सोडवून नकल हाताने फिरवून पाहावा लागतो.

स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलणे कमी करणाऱ्या दांडीच्या) लिंक रॉडविषयी येथेच सांगतो. खराब रस्त्यावर पुढून खडखड आली की लिंक रॉड बदलला जातो आणि बहुधा आवाज जातोही. पण लिंक रॉडने स्टिअरिंगला प्ले येत नाही. आवाज आणि ढिलेपणा एकाच वेळी सुरू झाले तरी त्यांचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नये.

लोअर आर्मची बुश आणि मागचा ॲक्सल

लोअर आर्मची मागची बुश उभ्या गाडीत टॉमीने तपासता येते, परंतु रबर फाटलेले असूनही जागेवर बसलेले असले तर फसगत होते. त्यासाठी एक चांगली चाचणी आहे. गाडी पुन्हा जमिनीवर आणून मोकळ्या जागेत न्यावी. मदतनीसाने गाडी जेमतेम एक फूट पुढे नेऊन ब्रेक दाबावा, मग रिव्हर्स टाकून तेवढीच मागे आणून ब्रेक दाबावा. आपण बाजूला, चाकाच्या मार्गापासून सुरक्षित अंतरावर बसून चाक आणि फेंडर यांच्यातील फट पाहत राहावे. निरोगी गाडीत चाक फटीच्या मध्यावर जवळजवळ स्थिर राहते. बुश गेलेली असेल तर पुढे जाताना ब्रेक लागला की चाक मागे सरकते, मागे येताना ब्रेक लागला की पुढे येते, आणि कधी कधी बोदा "ढप्" असा आवाज होतो. दोन्ही बाजूंची तुलना करावी. ॲक्सिलरेटर सोडल्या-दाबल्यावर नाक हलत असल्याची नोंद सुरुवातीला केली असेल, तर तिची शहानिशा येथे होते. चाक असे मागे-पुढे सरकले की त्याच्याबरोबर टोसुद्धा बदलतो. म्हणूनच अशा गाडीचे अलाइनमेंट यंत्रावर बरोबर येते आणि रस्त्यावर मात्र बिघडलेले राहते.

पुढे सर्व ठीक असूनही लेन बदलताना गाडी दोन टप्प्यांत वळल्यासारखी वाटत असेल, म्हणजे आधी नाक वळते आणि क्षणभराने मागची बाजू स्वतःचे काही तरी करते, तर मागच्या ॲक्सलच्या बुश पाहाव्यात.

विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग

आजच्या बहुतेक लहान मोटारींत कॉलमवरच मोटर असते. तेथे आणखी दोन शक्यता येतात. काही गाड्यांत मोटर आणि वर्म गिअर यांच्यामध्ये बसवलेला रबरासारखा छोटा कपलिंगचा तुकडा झिजतो. तेव्हा उभ्या गाडीत स्टिअरिंग हलवताना टकटक कॉलममधून, गुडघ्याच्या वरून येते, चाकाकडून येत नाही. दुसरी शक्यता सेन्सरची आहे. स्टिअरिंगवर किती जोर लावला हे मोजणाऱ्या सेन्सरचा मध्य चुकला तर मोटर स्वतःहून एका बाजूला हलकी मदत करत राहते आणि टायर, अलाइनमेंट सर्व योग्य असूनही गाडी ओढते. स्टिअरिंगचा दिवा पेटलेला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचावा. दिवा पेटलेला नसेल तर आधी यांत्रिक सांधे पाहावेत. संगणकाकडे घाईने जाऊ नये. कॉलमवर हातोडा मारणे कटाक्षाने टाळावे.

स्टिअरिंग बॉक्सच्या गाड्या

मारुती जिप्सी किंवा जुन्या जीपमध्ये रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो आणि सांध्यांची संख्या जास्त असते. त्यामुळे नव्या स्थितीतही या गाड्यांचे स्टिअरिंग मोटारीइतके नेमके नसते, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवून बॉक्स आवळत जाणे चुकीचे आहे. पद्धत तीच: मदतनीस स्टिअरिंग हलवतो, आपण बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट आणि बॉक्समधून बाहेर येणारा आर्म एकत्र पाहतो. शाफ्ट फिरतो आणि आर्म थांबतो, तर दोष बॉक्समध्ये; आर्म लगेच हलतो, तर पुढचे सांधे पाहावेत. बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतो का, बोल्टभोवती भेग आहे का, हे विसरू नये. बॉक्सच्या डोक्यावरील स्क्रू चाके सरळ ठेवूनच थोडा थोडा फिरवायचा असतो, कारण बॉक्स मध्यावर मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. एखाद्या वेगाला खड्डा लागताच पुढची दोन्ही चाके थडथडू लागली तर किंग पिनची (चाक ज्या खिळीभोवती वळते तिची) बेअरिंगे, टाय रॉडचे सांधे आणि चाकांचे बॅलन्सिंग हे तिन्ही पाहावे.

अलाइनमेंट शेवटी

झिजलेले भाग बदलून झाल्यानंतरच अलाइनमेंट करावे. ढिल्या सांध्यावर केलेले अलाइनमेंट गाडी यंत्रावरून उतरेपर्यंतच खरे असते. टाय रॉड बदलला असेल तर टो बदललेलाच असतो, म्हणून त्यानंतर अलाइनमेंट टाळता येत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील अहवाल मागून घ्यावेत. टो-आउट (चाके पुढून बाहेर वळलेली असणे) अधिक असेल तर गाडी अस्थिर होते आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) कमी असेल तर ती सरळ राहण्याचा स्वभाव गमावते. बहुतेक लहान मोटारींत कॅस्टर बदलण्याची सोयच नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये मोठा फरक दिसला तर आर्म, स्ट्रट किंवा सबफ्रेम वाकली अथवा सरकली आहे असे समजून तेच शोधावे. काही ठिकाणी स्ट्रट किंवा नकल यंत्राने दाबून कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) "आणून" देतात. वाकलेला भाग पुन्हा वाकवून आकडा हिरवा करणे ही दुरुस्ती नव्हे. तसे करू देऊ नये.

कॅसल नट टॉर्कने आवळल्यावर पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे सोडून नव्हे, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. काम झाल्यावर चिकटपट्टी आणि मोजपट्टी घेऊन प्ले पुन्हा मोजावा आणि तो आकडा तारखेसह सर्व्हिस पुस्तिकेत लिहावा. चाके उतरवली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर नट एकदा पुन्हा तपासावेत.